लिंगबदल शस्त्रक्रियेपूर्वीच्या अटी: रुग्णावर किती आणि रुग्णालयावर किती?

शर्वरी (धागाकर्ती):

सर्व सभासदांना नमस्कार. मी एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या पारलिंगी, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या, व्यक्तींची कागदपत्रे शल्यचिकित्सा विभागाकडे जाण्याआधी आमच्या टेबलावर येतात. या कामातून साचत गेलेला एक प्रश्न येथे सविस्तर मांडते आहे. चर्चा १८ वर्षे पूर्ण केलेल्या सज्ञान व्यक्तींपुरतीच ठेवावी, ही विनंती, कारण अल्पवयीनांचा विषय वेगळा आहे आणि दोन्ही एकत्र आले की मूळ मुद्दा हरवतो.

आरंभीच दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. स्वतःची लिंगओळख कागदोपत्री नोंदवण्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती असावी का, हा एक प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात अशी सक्ती अनैतिक आणि बेकायदेशीर ठरवून त्याचे उत्तर दिले होते. ज्यांना शस्त्रक्रिया हवीच आहे त्यांच्याकडून ती करण्याआधी काय काय मागावे, हा दुसरा प्रश्न आहे, आणि हा धागा त्याच्याविषयी आहे.

काही काळापूर्वी एक ट्रान्सपुरुष (जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेला पुरुष) प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये व्यवस्थित लावलेली कागदपत्रे घेऊन आला होता. त्यात दोन मानसोपचारतज्ज्ञांची पत्रे, नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, रक्तातील हार्मोनचे अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेले ओळख प्रमाणपत्र आणि आईच्या अंगठ्याचे संमतीपत्र, असे सगळे होते. एका तज्ज्ञाचे पत्र त्याच्या जन्मनावाने होते आणि दुसऱ्याचे नव्या नावाने, एवढ्या कारणावरून ती फाइल परत गेली. पुढे जेव्हा त्याने शल्यचिकित्सकांना विचारले, की या प्रकारच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे किती झाल्या आहेत आणि काही बिघडले तर मी कोणाकडे यायचे, तेव्हा त्या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी कोणत्याही नियमाने कोणावर टाकलेली नाही, हे माझ्या लक्षात आले.

पारलिंगी आरोग्याची जागतिक व्यावसायिक संघटना डब्ल्यूपॅथ, तिची पहिली मानके १९७९ ची आहेत. २०११ च्या सातव्या आवृत्तीत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन पत्रे, बारा महिने हार्मोन आणि बारा महिने आपल्या लिंगओळखीनुसार समाजात वावरणे, अशी अपेक्षा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने सज्ञान व्यक्तींसाठी एकच पत्र पुरेसे मानले, हार्मोनचा काळ सहा महिन्यांवर आणला, आणि ज्यांना हार्मोन नको आहेत किंवा सोसत नाहीत त्यांना त्यातूनही सूट दिली. समाजात वावरून दाखवण्याची अट तर काढूनच टाकली. आपल्या २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १५ मध्ये सरकारने याच संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार आरोग्यपुस्तिका काढावी, असे म्हटले होते. प्रत्यक्षात माझ्या पाहण्यातील अनेक ठिकाणी अजून जुन्या आवृत्तीच्या अटी सांगितल्या जातात आणि त्यांच्यावर स्थानिक अटींची भर पडते.

रुग्णाकडून जे मागायचे ते त्याच्या सुरक्षिततेशी थेट निगडित असेल तेवढेच मागावे आणि उरलेली बंधने रुग्णालयांवर घालावीत, असे माझे ठाम मत आहे. आपले काय मत आहे, ते कारणांसह लिहावे.

मनोवैद्य:

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि अशी पत्रे देत आलो आहे, त्यामुळे माझ्या पेशाची बाजू मांडणे मला भाग आहे. समोरची व्यक्ती खरोखर पारलिंगी आहे की नाही याचा निवाडा करणे हे पत्राचे काम आहे, असा समज रुग्णांमध्ये आहे आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांमध्येही आहे. आयसीडी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे वर्गीकरण, त्याच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने लिंगविसंगतीला (लिंगओळख आणि जन्मतः नोंदलेले लिंग यांतील विसंगतीला) मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेले. त्यामुळे आजार सिद्ध करणारे प्रमाणपत्र, ही कल्पना आता टिकतच नाही.

मग भेटीत आम्ही पाहतो काय? उपचाराविना राहिलेली तीव्र मनोविकृती किंवा व्यसन आहे का, अंडाशय किंवा वृषण काढल्यावर स्वतःचे मूल होण्याची शक्यता संपते हे नीट समजले आहे का, त्याआधी बीजांडे किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याचा पर्याय कोणी सांगितला आहे का, त्यानंतर आयुष्यभर हार्मोन घेतले नाहीत तर हाडे ठिसूळ होतात हे माहीत आहे का, आणि शस्त्रक्रियेकडून असलेल्या अपेक्षा वास्तवाला धरून आहेत का, हे आम्ही पाहतो. शस्त्रक्रियेनंतर आवाज आपोआप बायकी होईल, असे एका ट्रान्सस्त्रीने (जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या स्त्रीने) गृहीत धरले होते. जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेने आवाज बदलत नाही, इस्ट्रोजेननेही बदलत नाही. त्यासाठी आवाजाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. हे तिला आधी कळले म्हणून तिने आपला क्रम बदलला आणि नोकरीच्या मुलाखतींआधी आवाजावर काम केले. ती भेट झालीच नसती तर हे तिला कोणी सांगितले असते?

पश्चात्तापाविषयी नेहमी एक आकडा सांगितला जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ अभ्यासांमधील ७,९२८ रुग्णांपैकी सुमारे १ टक्क्याला पश्चात्ताप झाल्याचे आढळले. हा आकडा दिलासा देणारा आहे, मात्र तो जपून वापरावा. ते अभ्यास एकसारखे नव्हते, रुग्णांचा पुढे किती काळ पाठपुरावा झाला यातही फरक होता, आणि मुख्य म्हणजे त्यातील बहुतेक रुग्ण कोणत्या ना कोणत्या मूल्यमापनातूनच पुढे गेलेले असणार. त्यामुळे मूल्यमापनाची गरजच नाही, असा निष्कर्ष त्या आकड्यावरून काढता येत नाही. दोन पत्रांऐवजी एक, हे मला मान्य आहे. एकही नको, हे मला मान्य नाही.

वाटसरू_सोलापूर:

मनोवैद्य यांनी भेटीचे जे वर्णन केले आहे तशी भेट मला मिळाली असती तर मी स्वतःहून तिला गेलो असतो. मी ट्रान्सपुरुष आहे आणि माझी छातीची शस्त्रक्रिया झालेली आहे. पहिल्या डॉक्टरांनी मला विचारले, की लहानपणी तुम्ही भातुकली खेळत होता का. खरे उत्तर असे होते, की मी भातुकली खेळत होतो, मला ती आवडत होती आणि विटीदांडूही आवडत होता. मी मात्र सांगितले, की मला भातुकलीचा तिटकारा होता, कारण त्या डॉक्टरांना कोणते उत्तर हवे असते हे आमच्या गटातील आधी जाऊन आलेल्या मंडळींनी मला पढवून ठेवले होते. ज्याच्या हातात दार उघडण्याचा अधिकार असतो त्याच्यासमोर कोणीही आपल्या शंका बोलून दाखवत नाही. शस्त्रक्रियेनंतर छातीवर कसे व्रण राहतील, स्तनाग्रांची संवेदना जाईल का, याची मला मनापासून भीती वाटत होती आणि त्याविषयी कोणाशी तरी बोलायची गरज होती. पण मी जरा जरी चाचरलो असतो तर पत्र मिळाले नसते, असे मला वाटत होते. म्हणजे ज्या संभाषणासाठी पत्राची अट ठेवली आहे, तेच संभाषण त्या अटीमुळे अशक्य होते.

दुसरी गोष्ट बारा महिने पुरुष म्हणून वावरण्याच्या अटीची. ही अट घालणाऱ्यांनी सोलापूरच्या मे महिन्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये छातीवर घट्ट बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा पट्टा) बांधून कामाची एक पाळी करून पाहावी. श्वास पुरत नाही, बरगड्या दुखतात, त्वचा सोलवटते, आणि शर्ट घामाने अंगाला चिकटला की ज्या गोष्टीवरून लोक टोमणे मारतात ती लपतही नाही. शरीर बदलण्याआधी त्या ओळखीने वर्षभर जगून दाखवा, असे सांगणे म्हणजे सर्वांत धोक्याच्या काळात माणसाला उघड्यावर उभे करणे आहे. नव्या मानकांनी ही अट काढली असेल तर आमच्या डॉक्टरांपर्यंत ती बातमी कधी पोहोचणार?

आणखी एक लिहितो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये सर्रास काढली गेल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. त्या पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक बायका आढळल्या. त्यांच्यापैकी किती जणींना कोणी मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र मागितले होते? तेच गर्भाशय मी काढून मागितले तर दोन पत्रे, प्रतिज्ञापत्र आणि आईची सही लागते.

मनोवैद्य:

वाटसरू, भातुकलीच्या प्रश्नाबद्दल आमच्या पेशाच्या वतीने मी काहीही समर्थन करणार नाही. तो प्रश्न निरर्थक आणि अपमानकारक आहे. दार उघडण्याच्या अधिकारामुळे संभाषण खोटे होते, हा आपला मुद्दाही मी गांभीर्याने घेतो. मात्र बीडचे उदाहरण मला उलट दिशेला नेणारे वाटते. त्या बायकांना कोणतीही चाळणी नव्हती, म्हणूनच त्यांचे नुकसान झाले. नंतर तेथे गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले, ते योग्यच होते. अट हा नेहमीच अडथळा असतो असे नाही.

अ‍ॅड_रेवती:

बीडच्या उदाहरणातच या वादाचे उत्तर आहे, असे मला वाटते. ते बंधन खासगी रुग्णालयांवर घातले गेले होते. आपण शस्त्रक्रियेला लायक आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्या बायकांवर टाकलेला नव्हता. शर्वरी यांनी शीर्षकात केलेला फरक हाच आहे.

आपल्याकडच्या अटी इतक्या बचावात्मक का झाल्या, याचे कारण कायद्याच्या इतिहासात सापडते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये गंभीर दुखापतीचे जे प्रकार दिले होते, त्यांत पहिलाच प्रकार पुरुषत्व नष्ट करणे हा होता, आणि आज लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. उद्या कुटुंबातील कोणी पोलिसांत गेले तर आपल्यावर गुन्हा दाखल होईल, ही भीती शल्यचिकित्सकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. वास्तविक रुग्णाच्या हितासाठी, सद्‌भावनेने आणि त्याच्या संमतीने केलेल्या कृतीला दंड संहितेच्या कलम ८८ चे संरक्षण होते. पण संरक्षण न्यायालयात सिद्ध करावे लागते, कागद मात्र फाइलमध्ये लगेच लावता येतो. नोटरी, प्रतिज्ञापत्र, आई-वडिलांची सही, हे सारे त्या भीतीतून जन्मलेले आहे. त्यातील एकाही कागदाने रुग्णाची जखम लवकर भरत नाही.

कुटुंबाच्या संमतीविषयी कायदा अगदी स्पष्ट आहे. मे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आसाममधून मुंबईत आलेल्या २१ वर्षांच्या एका व्यक्तीचे प्रकरण आले. पालकांच्या विरोधामुळे तिची शस्त्रक्रिया अडली होती. सज्ञान व्यक्तीला अशी शस्त्रक्रिया करून घेण्यापासून रोखणारा कोणताही कायदा नाही, असे तेव्हा न्यायालयाने सांगितले. त्याहून महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, तो म्हणजे जानेवारी २००८ मधील समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान महिलेचे गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते, आणि रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास सक्षम असताना आईची ती संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. पारलिंगी रुग्णांच्या फाइलमध्ये पालकांचे संमतीपत्र मागणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हा निकाल वाचावा. जे संमतीपत्र कायद्याच्या दृष्टीने कोणाचेही संरक्षण करू शकत नाही, ते मिळवण्यासाठी माणसाला ज्या घरातून हाकलून दिले त्याच घराच्या दारात परत पाठवले जाते.

एक_आई:

मी हा धागा पहिल्यापासून वाचते आहे आणि रेवतीताईंचा प्रतिसाद वाचून थोडी दुखावले गेले आहे, तरीही त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही. माझी मुलगी ट्रान्सस्त्री आहे, २४ वर्षांची आहे आणि येत्या वर्षात ती शस्त्रक्रिया करून घेणार आहे. माझी सही लागू नये, हे मला पटते. पण सही लागत नाही म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलतच नाहीत. घरी आल्यावर तिची काळजी मीच घेणार आहे आणि मला कोणी काही सांगितलेले नाही.

२०२१ मध्ये केरळमधील एका ट्रान्सस्त्रीचा मृत्यू झाला. शस्त्रक्रियेतील हलगर्जीपणामुळे वर्षभर असह्य वेदना होत असल्याची तक्रार तिने त्याआधी जाहीरपणे केली होती. त्या बातम्या वाचल्यापासून मला झोप लागत नाही. तिच्याकडून सर्व पत्रे घेतली गेलीच असतील, पण त्या पत्रांनी तिचे काय रक्षण केले? माझ्या मुलीची लायकी सगळ्यांनी तपासली आहे. डॉक्टरांचा अनुभव तपासण्यासाठी मी कोठे जाऊ, एवढे मला कोणी सांगावे.

नीलकमल:

अटींची दुसरी बाजू मी सांगते. मी डेऱ्यात, म्हणजे हिजडा समुदायाच्या घरात, वाढले आहे. ज्यांच्याकडे पत्रे नव्हती, पैसे नव्हते आणि ज्यांना दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याचीही लाज वाटायला लावली गेली, त्या आमच्या अनेक जणींचे निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण काढणे, दाईच्या हातून, भुलीशिवाय झाले. काहींनी एखाद्या आडगावच्या दवाखान्यात रात्री गुपचूप करून घेतले, जिथे ना कागद होता ना पावती. त्यांच्यातील कित्येकींना पुढे लघवीचा मार्ग आक्रसून जाण्याचा त्रास आयुष्यभर होतो आणि त्या सरकारी दवाखान्यात येतात तेव्हा हे कोणी केले, असे दरडावून विचारले जाते. अट कडक केली म्हणून शस्त्रक्रिया टळत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हातात जाते. एचआयव्ही आहे म्हणून परत पाठवलेल्याही मी पाहिल्या आहेत.

अ‍ॅड_रेवती:

नीलकमलताई, आपल्या शेवटच्या वाक्याबद्दल लगेच सांगते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि केवळ एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे हा त्याखाली भेदभाव ठरतो. अशा प्रसंगी नकार लेखी मागावा. तो सहसा दिला जात नाही आणि पुष्कळदा तेवढ्यानेच पुढचा मार्ग मोकळा होतो.

शर्वरी:

पैशांचा मुद्दा निघाला आहे म्हणून एका चक्राविषयी लिहिते. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत टीजी प्लस योजनेसाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात करार झाला. त्यात प्रत्येक पारलिंगी व्यक्तीस वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार आणि त्यांत लिंगबदल शस्त्रक्रियाही अपेक्षित होती. लाभासाठी राष्ट्रीय पोर्टलवरून मिळालेले ओळख प्रमाणपत्र हवे. २०१९ च्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार ते प्रमाणपत्र मागणारी व्यक्ती त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असली पाहिजे. घरातून बाहेर पडून पुण्या-मुंबईत आलेल्या, दर काही महिन्यांनी भाड्याची खोली बदलणाऱ्या व्यक्तीने हे कशाने दाखवायचे? मूळ कायद्याच्या कलम ७ नुसार स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रिया आधी झालेली असावी लागे. नियमांनी तेथे समुपदेशन आणि हार्मोन उपचारांचाही समावेश करून वाट थोडी रुंद केली, पण अनेक कार्यालयांत अजून शस्त्रक्रियेचेच प्रमाणपत्र मागताना मी पाहिले आहे. अशा रीतीने कागदासाठी शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेसाठी कागद, यात माणूस अडकतो.

एक_आई, आपल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, कारण अशा शल्यचिकित्सकांचा अनुभव रुग्णाला सहज पडताळता येईल अशी सोय माझ्या पाहण्यात नाही. तोपर्यंत आपल्या मुलीने काही प्रश्न लेखी विचारावेत. हीच शस्त्रक्रिया या डॉक्टरांनी स्वतः किती वेळा केली आहे आणि त्यांतील किती रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले, हे विचारावे. मूत्रमार्गात अडथळा आला किंवा आतड्याला इजा झाली तर त्याच रुग्णालयात मूत्ररोग आणि पोटविकार शल्यचिकित्सक आहेत का, आणि दुरुस्तीचा खर्च कोण करेल, हेही विचारावे. उत्तर देण्याचे टाळणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया करू नये, असे मी निःसंकोच सांगते.

मनोवैद्य:

नीलकमल यांचा प्रतिसाद मी अनेकदा वाचला. एका मुद्द्यावर माझे मत बदलले आहे, ते नोंदवतो. मूल्यमापन करणारा आणि परवानगी देणारा, या दोन भूमिका एकाच माणसाकडे नसाव्यात. समुपदेशन प्रत्येकाला उपलब्ध करून देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य असावे आणि त्यातील बोलणे शस्त्रक्रियेच्या फाइलमध्ये जाऊ नये, म्हणजे वाटसरूंसारख्या माणसाला व्रणांची भीती मोकळेपणाने बोलता येईल. मात्र रुग्णाला निर्णयाचे परिणाम समजले आहेत, एवढी नोंद शल्यचिकित्सकाव्यतिरिक्त कोणीतरी करावी, हा आग्रह मी सोडत नाही, कारण शस्त्रक्रिया झाली की ज्याला मोबदला मिळतो त्यानेच संमती पुरेशी आहे असे ठरवणे मला धोक्याचे वाटते. शारीरिक अटींवर तर तडजोड नसावी. हाताच्या त्वचेपासून शिश्न घडवताना तंबाखूमुळे रक्तपुरवठा कमी झाला तर ती त्वचा मरू शकते, म्हणून तंबाखू सोडण्याची अट रुग्णाच्या हिताची आहे आणि ती कारणासह सांगितली पाहिजे.

वाटसरू_सोलापूर:

अशी नोंद मला चालेल. तंबाखूचीही चालेल, मला ते कारण कोणी सांगितले असते तर मी दोन वर्षे आधी मावा सोडला असता.

एक_आई, आपण रुग्णालयात विचाराल तेव्हा योनी घडवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या डायलेशनविषयी, म्हणजे नवा मार्ग मोकळा राहावा म्हणून त्यात नियमित साधन घालून ठेवण्याविषयी, नक्की विचारा. सुरुवातीचे काही महिने ते दिवसातून अनेकदा करावे लागते, पुढे कमी होत जाते, पण सोडून चालत नाही, नाहीतर मार्ग आक्रसतो. त्यासाठी आपल्या मुलीला दार आतून बंद करता येईल अशी खोली आणि कोणी घाई न करणारा वेळ लागेल. माझ्या मैत्रिणींना घरात तेवढेच मिळाले नाही.

एक_आई:

खोलीची व्यवस्था करता येईल, आतल्या खोलीला कडी बसवून घेईन. प्रवेशाच्या अर्जावर मात्र नातेवाईकाची सही, असा रकाना आहे. तो मी भरायचा की रिकामा ठेवायचा?

अ‍ॅड_रेवती:

संमतीच्या जागी सही आपल्या मुलीचीच असावी आणि ती प्रत्येक पानावर असावी. नातेवाईकाच्या रकान्यात सही करायला हरकत नाही, पण तेथे साक्षीदार असे स्वहस्ते लिहून सही करावी आणि अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. तुमच्या सहीशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही, असे कोणी म्हटले तर ते लेखी मागा आणि मला येथे निरोप ठेवा.